दोन गोळ्या जास्तीच्या

"दात नका दाखवू हो, दारात आलेला माणूस पळून जाईल," बायको म्हणाली आणि हातातलं फडकं झटकून आत गेली.

फोटोवाला आरशासमोर उभा होता. आरसा गिऱ्हाइकांसाठीचा. खाली दोरीला कंगवा बांधलेला, बाजूच्या खिळ्यावर तीन टाय आणि एक काळा कोट. कोट कुणालाही यावा म्हणून पाठीत उसवून ठेवलेला, फोटोत पाठ थोडीच येते! पासपोर्टसाठी, नोकरीसाठी, लग्नाच्या स्थळासाठी किती माणसांनी ह्या आरशात स्वतःला ठाकठीक केलं असेल त्याला गणती नाही. आज मालकाची पाळी होती. त्याने पुन्हा ओठ ताणले. ओठांचे कोपरे वर जायचे तर ते जागचे हलेनात. उलट वरचा ओठ तेवढा मधोमध उचलला गेला आणि सुळे दिसायला लागले. हसू म्हणावं तर गुरगुरणं वाटावं असला तो प्रकार.

"अगं, अजून दहा वाजताची गोळी घ्यायचीय," तो पडद्याकडे तोंड करून ओरडला. पडद्यावर निळं तळं आणि दोन बदकं रंगवलेली होती आणि त्या बदकांच्या मागेच घराचं दार होतं. पुढे स्टुडिओ, मागे संसार. "गोळी पोटात गेली की बघ कसा हसतो ते!"

"बघते ना. सहा वर्षांनी दादा येतायत. नीट हसा म्हणजे झालं!" बदकांच्या मागून आवाज आला.

तर हे असं होतं. दुपारी त्याचा थोरला भाऊ जेवायला येणार होता आणि फोटोवाल्याला त्याच्याकडे बघून एकदा धड हसायचं होतं. बस, एवढंच. पण ह्या माणसासाठी ते एवढंसं नव्हतं.

त्याचा आजार तसा गमतीनेच उघडकीला आला. एका शाळेत वर्गाचा फोटो काढायला गेला होता. पोरं बाकांवर उभी केली, कुणाचे केस बसवले, कुणाच्या कॉलरी सारख्या केल्या आणि मग लांब जाऊन म्हणाला, "ते दुसऱ्या रांगेतले जुळे भाऊ, जरा अंतर ठेवा रे एकमेकांत." सगळा वर्ग फिदीफिदी हसायला लागला. बाई चपापल्या. वर्गात जुळं कुणीच नव्हतं. त्याला एकाचे दोन दिसत होते, आणि ते कधीपासून हे त्याचं त्यालाही सांगता येईना. येणार तरी कसं? ज्याचा अर्धा दिवस एक डोळा मिटून कॅमेऱ्यात बघण्यात जातो, त्याला एकाचे दोन दिसणार कुठून! दोन्ही डोळे उघडे असतील तेव्हाच ती भानगड. बाकी म्हणाल तर संध्याकाळी पापणी जड व्हायची, जेवता जेवता जबडा दमायचा, दिवस कलला की आवाज नाकातून यायचा. लोक म्हणायचे, फोटोवाला हल्ली प्यायला लागला वाटतं. बायको म्हणायची, कामाने दमतात.

मग बायकोनेच ओढत डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर होते बोलके. त्यांनी टेबलावरच्या पेनांनी नकाशा मांडून समजावलं.

"हे बघा, मज्जातंतू निरोप्या धाडतो. निरोप्या स्नायूच्या दारावर टकटक करतो, स्नायू हलतो. लगेच पाठोपाठ झाडूवाला येतो नि निरोप्याला झाडून काढतो, म्हणजे पुढच्याला जागा होते. तुमच्या शरीराने काय केलंय, आपल्याच स्नायूंची बरीचशी दारं मोडून टाकलीयत. निरोप्या येतो, मोडक्या दारावर हात आपटतो, तेवढ्यात झाडूवाला त्याला उचलतो. ही गोळी त्या झाडूवाल्याला सुट्टी देते. निरोप्या रेंगाळतो, चार दारं ठोठावतो, एखादं उघडतं."

"मग झाडूवाल्याला कायमचाच घरी पाठवा की," बायको म्हणाली.

"आणि मग ताई? हाच निरोप्या डोळ्यातल्या पाण्याकडे जातो, लाळेकडे जातो, आतड्यांकडे जातो. तिथली दारं चांगली धडधाकट आहेत. तिथे हा ठाण मांडून बसला तर घरातले सगळे नळ एकदम सुटतील. म्हणून बजावून सांगतो, आपल्या मनाने गोळी वाढवायची नाही. एकसुद्धा नाही!"

दोघांनी मान डोलावली होती. आणि खरोखरच गोळीने कमाल केली. घेतल्यावर तासाभरात पापणी वर, आवाज मोकळा आणि चेहरा चेहऱ्यासारखा. तो पुढचा दीड-दोन तासांचा वेळ फोटोवाल्याचा राजेशाही. लहान बाळांचे फोटो तो त्याच वेळात घ्यायचा, कारण बाळं काही शहाण्या माणसांसारखी समजून घेत नाहीत, गुरगुरणारं तोंड दिसलं की भोकाड पसरतात. बाकी वेळी पासपोर्टवाले. त्यांना तसंही हसायची मनाई. एकंदरीत धंदा बरा होता, बायको हसरी होती, तिची जीभ तिखट होती आणि दोघांचं उत्तम चाललं होतं. सल म्हणाल तर एकच. दादा.

दादा त्याच्याहून बारा वर्षांनी मोठा. गिरणीत मुकादम होता. कडक माणूस, पण ह्या धाकट्याला खांद्यावर बसवून वाढवलेलं. अजून त्याला 'बारक्या'च म्हणायचा. आई आजारी पडली तेव्हा ती बारक्याकडे होती, हॉस्पिटलात. दादा परगावाहून धावत आला तो शेवटच्या दिवशी, आणि अर्ध्या तासाने चुकला. हॉस्पिटलच्या जिन्यात दोघं समोरासमोर आले. दादा दोन-दोन पायऱ्या चढत वर येत होता, बारक्या खाली उतरत होता. बारक्याने बोलायला तोंड उघडलं आणि वरचा ओठ उचलला गेला, सुळे दिसले. तेव्हा आजाराचं नावगाव कुणाला ठाऊक नव्हतं. दादाला दिसलं ते एवढंच, की वर आई गेलीय आणि भाऊ जिन्यात दात काढतोय.

"हसतोस? आई गेली आणि हसतोस?" दादा म्हणाला होता. त्यानंतर बोलला नाही तो आजतागायत.

आजार कळल्यावर बायको दहा वेळा म्हणाली, "अहो, आता तरी फोन करून सांगा. गोष्ट साधी आहे." पण फोटोवाला हट्टी. "आजाराचं निमित्त पुढे करून माया मागायची? नको. आणि त्याला वाटेल, हे आता नवीन काढलं. समोर आला तर हसून दाखवीन, कळेल त्याचं त्याला." आणि दादा समोर येत नव्हता. शेवटी वहिनीनेच गुपचूप बायकोला फोन केला. दादा कायमचा मुलाकडे राहायला चालला होता, लांबच्या शहरात. वहिनी पुढे गेली होती, दादा सामानसुमान बघून मागून निघणार होता. "ते स्वतःहून म्हणाले, जाण्याआधी बारक्याकडे एकदा जेवून येतो. तेवढं सांभाळून घ्या गं," वहिनी म्हणाली.

म्हणजे आज जमलं तर जमलं. आज जर पुन्हा ते सुळे दिसले तर दादा जेवेल, हात धुवेल आणि जाईल, तो कायमचाच. हे फोटोवाल्याला पक्कं ठाऊक होतं.

दहा वाजले. त्याने पाकिटातून एक गोळी काढली, पाणी प्यायला. मग जरा थांबला. इकडे-तिकडे बघितलं. स्वयंपाकघरातून भांड्यांचा आवाज येत होता. मनात म्हणाला, रोजच्या दिवसाला एक, आजचा दिवस काय रोजचा आहे? आणि दुसरीही टाकली तोंडात.

अकराच्या सुमाराला आरशात पाहिलं तर काय! ओठांचे कोपरे वर गेले, गाल फुगले, डोळ्यांच्या कडेला सुरकुत्या पडल्या. स्वतःचा चेहरा त्याचा त्यालाच ओळखू येईना. "अगं ए, बाहेर ये लवकर," तो ओरडला.

बायको पिठाचे हात घेऊन आली आणि बघतच राहिली. "अगंबाई! हे ध्यान तर आपल्या लग्नातलं आहे. इतके दिवस कुठे लपवून ठेवलं होतंत?"

"जमतंय ना?"

"जमतंय म्हणजे? आता तासभर असेच उभे राहा. हलू-बोलू नका, सांडेल!"

इथवर सगळं झकास होतं. आणि नेमका फोन वाजला. दादाचा. बायकोने उचलला. निघालोय, पण गाडीचं चाक बसलंय, तासभर उशीर होईल, तुम्ही खोळंबू नका. एवढं तुटक बोलून दादाने फोन ठेवला. बायको "येऊ देत सावकाश" म्हणून आत वळली. फोटोवाल्याच्या मात्र तोंडचं पाणी पळालं. तासभर उशीर! म्हणजे दादा दारात येईपर्यंत हे हसू उतरणीला लागणार. ऐन वेळी ओठ लटकणार. एखाद्याने उन्हाचा अंदाज घेऊन सगळी मांडामांड करावी आणि वऱ्हाड उशिरा यावं, तसं झालं. अशा वेळी फोटोवाला काय करतो? दिवा वाढवतो. ह्याने तेच केलं. आणखी एक गोळी घेतली.

आधी पोटात गुडगुड झाली. बायको आतून म्हणाली, "भूक लागली असेल तर दोन घास खाऊन घ्या." मग कपाळावर घाम. पंखा मोठा केला. मग तोंडात पाणी सुटायला लागलं, ते गिळलं की पुन्हा भरायचं. स्वयंपाकाच्या वासाने असेल, असं त्याने स्वतःला समजावलं. मग खोलीत अंधारून आलं.

"दिवे मंद झालेत का गं?"

"नाही हो, लख्ख आहेत."

त्याने सवयीने प्रकाश मोजायचं मीटर काढलं. मीटर म्हणत होतं, रोजच्याएवढाच उजेड आहे. तो आरशाजवळ गेला आणि डोळ्यात डोळे घालून पाहिलं. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या. कॅमेऱ्याचं अपर्चर, म्हणजे उजेड आत घेणारं भोक, पार मिटवून टाकावं तशा. हां, म्हणजे अंधार खोलीत नव्हता, डोळ्यात होता. त्याला डॉक्टरांचा झाडूवाला आठवला. एवढ्यात डाव्या डोळ्यातून एक थेंब गालावर आला. मग उजव्यातून. पुसला तर पुन्हा आला.

आणि दार वाजलं.

दादा उंबऱ्यात उभा होता. बाराही महिने घालायचा तसा पांढरा सदरा, हातात फळांची पिशवी, चेहरा मुकादमाचा. वाटेत त्याने म्हणायचं वाक्य ठरवलं असावं, कारण ते त्याने बारक्याकडे न बघताच सुरू केलं. "हे बघ, मी नुसता जेवायला..."

मग त्याने वर पाहिलं. समोर बारक्या उभा होता आणि त्याच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. नाक वाहत होतं, ओठ थरथरत होते, घशातून शब्द फुटत नव्हता. फुटणार कसा, तोंड लाळेने भरलेलं! दादाच्या हातातली पिशवी खाली पडली. एक संत्रं थेट बदकांपाशी गेलं.

"बारक्या! अरे... अरे वेड्या, एवढं काय?" दादाने पुढे होऊन त्याला मिठीत घेतलं. "किती रडशील? अरे आलो ना मी. गप. गप बघू." आणि त्याला गप करता करता दादाच हुंदके द्यायला लागला. "चुकलं माझं. त्या दिवशी तुला नाही नाही ते बोललो. सहा वर्षं मनात धरून बसलो. मला वाटायचं ह्याला काही नाहीच, दगड आहे नुसता. माफ कर मला."

फोटोवाला दादाच्या खांद्यावर मान टाकून उभा होता. सदऱ्याला तोच जुना वडीच्या साबणाचा वास येत होता. त्याला सांगायचं होतं, दादा, हे रडणं नव्हे. आणि सांगायचंच नव्हतं. इतकं बरं वाटत होतं! सहा वर्षांत इतकं बरं वाटलं नव्हतं. आयतं जमून आलंय, बोलून कशाला बिघडवा, असा एक लबाड विचार मनात आला, आणि त्याने तो येऊ दिला.

बायको पाण्याचे पेले घेऊन बाहेर आली आणि दोघा भावांना तसं बघून तिचेही डोळे भरले. पण ती बायको होती. तिची नजर नवऱ्याच्या डोळ्यांवरून हनुवटीवर गेली, हनुवटीवरून दादाच्या ओल्या खांद्यावर. डोळ्यांचं पाणी एवढं चिकट नसतं.

"अहो, गोळ्या किती घेतल्यात?"

"असू दे गं, रडू दे त्याला," दादा म्हणाला. "मोकळा होऊ दे."

"दादा, हे मोकळं होणं नाही, हे..."

फोटोवाल्याने दादाच्या खांद्यावरून तिला डोळ्यांनी गप राहा म्हणून विनवलं. ती गप्प झाली. पण पोट गप्प बसायला तयार नव्हतं. आतून अशी कळ आली की तो दादाची मिठी सोडवून बदकांच्या मागे धावला. तिथून बाहेर आला तो भिंत धरत. दंडाचे स्नायू कातडीखाली उडत होते. पाय लटपटत होते. मोरीपाशी येऊन तो खालीच बसला.

बायकोने गोळ्यांचं पाकीट पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "दोन जास्तीच्या! अहो, लहान मूल आहात का तुम्ही?" मग तिचा आवाज बदलला. "दादा, गाडी काढा. आत्ताच्या आत्ता."

हॉस्पिटलात तेच बोलके डॉक्टर होते. त्यांनी बॅटरीने बाहुल्या पाहिल्या, छातीला नळी लावली, श्वास मोजला आणि मग मोठ्याने फैलावर घेतलं. "काय सांगितलं होतं मी? एकसुद्धा नाही म्हटलं होतं की नाही?" इकडे बोलत होते आणि तिकडे हात चालूच होते. नर्सने शिरेत सुई लावली. एक इंजेक्शन गेलं, थोड्या वेळाने दुसरं.

"थोडक्यात निभावलंय, श्वासावर बेतलं नाही. संध्याकाळपर्यंत इथेच राहा, पुढची गोळी मी सांगेन तेव्हा," डॉक्टर बायकोला म्हणाले. "आता दिलंय ते गोळीच्या उलट. धोतऱ्याच्या विषाच्या जातीतलं औषध, पण मापात. हे निरोप्याच्या आधी पळत जातं आणि नळांची दारं अडवून उभं राहतं. लाळ, घाम, डोळ्यातलं पाणी, सगळं बंद होईल बघा."

"डोळ्यातलं पाणी?" पलंगाच्या पायथ्याशी उभा असलेला दादा म्हणाला. "ते कशाने येत होतं?"

"गोळीने. दुसरं कशाने!"

"सगळं?"

"सगळं. नळच सुटले होते हो," असं म्हणून डॉक्टर पुढच्या पलंगाकडे गेले. त्या भल्या माणसाला काय ठाऊक, आपण काय बोलून बसलो!

दादाने खांद्यावरचा वाळलेला डाग एकदा बघितला आणि शांतपणे वॉर्डाबाहेर निघून गेला.

औषधाने आपलं काम चोख केलं. आधी घाम आटला, मग तोंड. जीभ टाळूला चिकटायला लागली. छातीत धडधड वाढली. नर्स म्हणाली, होणारच, घाबरू नका, थोडा वेळ जवळचं धूसरही दिसेल. वॉर्ड हळूहळू उजळत गेला. खिडकी तर डोळ्यांना बघवेना. अपर्चर आता पार उघडलं होतं. आणि पापण्यांच्या आत वाळू टोचावी तसे डोळे कोरडेठाक झाले.

"दादा कुठाय?" त्याने विचारलं. आवाज नाकातून आला.

"बाहेर असतील," बायको म्हणाली. तिने त्याच्याकडे बघायचं टाळलं. "गाडीपाशी."

"गेला असेल?"

"बघून येते."

ती गेली. फोटोवाला एकटा पडून राहिला. आता त्याला खरंखुरं रडू येत होतं. घसा दाटून आला, छाती भरून आली, सगळं जिथल्या तिथे होतं, फक्त पाणी नव्हतं. आपण नुसतं हसायला निघालो होतो, आणि दादाला फसवून बसलो. त्याची सहा वर्षांची माफी गोळ्यांवर काढून घेतली. त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली.

पावलं वाजली. पुढे बायको होती, मागे दादा. बायको दादाला आत सोडून दारातच थांबली. दादा पलंगाला लागून असलेल्या खुर्चीवर बसला, गुडघ्यांवर हात ठेवून, गिरणीत तक्रार ऐकायला बसायचा तसा.

"बोल," तो म्हणाला.

"दादा, दारात आलं ते पाणी माझं नव्हतं."

"कळलं ते."

"मला हसायचं होतं. तू येणार म्हणून. गोळी घेतल्याशिवाय मला हसता येत नाही. ओठच उठत नाही नीट, नुसते दात दिसतात." तो थांबला, जीभ ओली करायचा प्रयत्न केला, जमला नाही. "त्या दिवशी जिन्यातही तेच झालं होतं. तेव्हा आजार आहे हे माहीत नव्हतं. मी हसलो नव्हतो, दादा."

दादा त्याच्याकडे बघत होता. "मग काय करत होतास?"

"तू पायऱ्या गाळत वर येत होतास. तुला धाप लागली होती. मला म्हणायचं होतं, दादा, सावकाश ये, आता घाई नाही. तेवढंच म्हणायला तोंड उघडलं."

वॉर्डात कुणाची तरी ट्रॉली गेली. दादा म्हणाला, "हे मला आधी का नाही सांगितलंस?"

"वाटलं, निमित्त सांगतोय म्हणशील."

"म्हटलं असतं," दादाने कबूल केलं. "नक्की म्हटलं असतं." मग एकदम चिडून म्हणाला, "गाढवा, मेला असतास ना! हसून दाखवायचं म्हणे! मी काय तुझा फोटो काढायला येत होतो?"

"आणि आता रडू येतंय तर येत नाहीये. इंजेक्शनने बंद करून टाकलंय."

"नको रडूस. हसूही नकोस. नुसता पडून राहा." दादाने टेबलावरचा पेला घेतला, चमच्याने त्याच्या तोंडात पाणी घातलं. अगदी थोडं. गिळू दिलं. मग दुसरा चमचा. मुकादमाचा हात, पण एक थेंब गळ्यावर सांडला नाही. "उद्याचं जाणं रद्द करतो. पोरगा वाट बघेल चार दिवस, काही बिघडत नाही."

फोटोवाल्याने डोळे बारीक करून त्याच्याकडे पाहिलं. वीतभरावर दादाचा चेहरा होता आणि तो नुसता पांढरट धूसर दिसत होता.

"दादा, जरा मागे सर."

"का रे?"

"जवळून दिसत नाहीयेस."

दादाने पेला ठेवला आणि खुर्ची सरकवली.

"अजून."

खुर्ची पुन्हा करकरली.

"अजून थोडा."

दादा सरकत सरकत पलीकडच्या भिंतीला जाऊन टेकला. आधी सदऱ्याची बटणं स्वच्छ झाली, मग मिशी, मग सहा वर्षांत पिकलेले केस. आणि मग दिसलं, की दादाचा चेहरा कपाळापासून हनुवटीपर्यंत ओला आहे. त्याने तो पुसायला बाही वर केली.

"हलू नकोस," फोटोवाला म्हणाला.